क्रोनॉसची पन्नास वर्षे आणि मिरजेचा षड्ज

यशवंतपूरच्या स्थानकावरून आठवड्यातून एकदा पंढरपूरला जाणारी गाडी सुटते, आणि कारखान्यांतील नोकरीच्या निमित्ताने, बाजार आवारातील कांद्याच्या अडतीच्या निमित्ताने किंवा अलीकडे संगणकाच्या व्यवसायापायी बंगळूरच्या या बाजूस येऊन स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना ती आपल्या घरची गाडी वाटते. मला तिचे अप्रूप आणखी एका कारणाने आहे. तुमकूर, अरसीकेरे, दावणगेरे ही गावे मागे टाकून ती हुबळीच्या अलीकडे कुंदगोळवरून जाते, जे सवाई गंधर्वांचे गाव. पुढे गंगूबाईंचे हुबळी, मल्लिकार्जुन मन्सूरांचे धारवाड, बेळगावच्या उंबरठ्यावर कुमार गंधर्वांचे सुळेभावी, आणि मग मिरज, जेथे अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपला मुक्काम कायम केला व जेथे त्यांची कबर आहे. हिंदुस्थानी कंठसंगीताचे एवढे वैभव एकाच लोहमार्गाच्या कडेने उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

या मार्गावरच्या स्वराने समुद्र ओलांडून कोठवर मजल मारली, हे पाहू गेल्यास आपण सॅन फ्रान्सिस्को नगरीतील एका चौघांच्या वाद्यमेळापाशी जाऊन पोहोचतो. त्याचे नाव क्रोनॉस क्वार्टेट. १९७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने पन्नाशी ओलांडली आहे. समकालीन अभिजात संगीतासाठी आयुष्य वाहिलेला तिच्याइतका दीर्घायुषी व प्रभावी वाद्यमेळ विरळाच. आणि तिच्या जडणघडणीत एकदा मिरजेच्या बाजूने किराणा घराण्याचा आणि एकदा सांगलीच्या बाजूने मंगेशकरांच्या घरातला स्वर मिसळला आहे. मिरज आणि सांगली यांत अंतर ते किती, अवघे तीन कोस! मराठी वाचकाने या संस्थेचा इतिहास आस्थेने वाचावा, यास एवढे कारण मला पुरेसे वाटते.

दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो असा चार तंतुवाद्यांचा मेळ युरोपात हायडनच्या काळापासून, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, रूढ आहे. सभागृहापेक्षा दिवाणखान्यात शोभणारे जे चेंबर संगीत, त्यातील हा सर्वांत कसोटीचा प्रकार. कारण येथे हातात छडी घेऊन उभा राहणारा संचालक नसतो, कोणी मुख्य आणि कोणी साथीदार अशी उतरंड नसते, आणि चौघांपैकी एकाचा श्वास चुकला तरी तो लपवावयास जागा नसते. आपल्या मैफलीत गायक हा धनी, आणि सारंगी, पेटी, तबला हे त्याच्या पदरचे मानकरी. क्वार्टेटात चौघेही समान हक्काचे भागीदार असतात. ही समता वरून दिसावयास फार सुंदर, पण रोज तालमीस बसून ती वर्षानुवर्षे निभावणे हे किती दुष्कर आहे, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसास निराळे सांगावे लागू नये.

क्रोनॉसचा संस्थापक डेव्हिड हॅरिंग्टन. वयाच्या बाराव्या वर्षी बेथोव्हनच्या एका उत्तरकालीन क्वार्टेटची तबकडी कानावर पडली तेव्हापासून या प्रकाराचा त्याला ध्यास लागला होता. १९७३ साली, पंचविशीही न गाठलेला हा व्हायोलिनवादक सिॲटल येथे असताना, एका रात्री नभोवाणीवर त्याने जॉर्ज क्रम या संगीतकाराची ‘ब्लॅक एंजल्स’ ही रचना ऐकली. व्हिएतनामच्या युद्धाने त्या वेळी अमेरिकेतील तरुण पिढीची झोप उडविली होती. ज्यांच्या बरोबरीची मुले सक्तीने रणांगणावर धाडली जात होती, त्यांना मोझार्टच्या प्रसन्न सुरावटीत आपल्या काळाचे काहीच ऐकू येत नव्हते. क्रमची रचना १९७० सालची, आणि तिच्या हस्तलिखितावर ती युद्धकाळात पुरी झाल्याची नोंद आहे. ही एक रचना वाजविता यावी एवढ्यासाठी हॅरिंग्टनने आपला क्वार्टेट उभा केला.

ती रचना आहे तरी कशी? चारही वाद्यांना विद्युत्‌वर्धक जोडलेले असतात, आणि आरंभीच जो आवाज उठतो तो विमानांच्या घरघरीचा की कीटकांच्या थव्याचा, हे कळू नये असा. मध्येच वादक वाद्य खाली न ठेवता निरनिराळ्या भाषांत अंक पुटपुटतात, ओरडतात. एका प्रकरणात ते गज तारांवरून नेहमीच्या जागी न फिरविता डाव्या हाताच्या बोटांच्या पलीकडून, वाद्याच्या मानेच्या बाजूने फिरवितात, म्हणजे जुन्या काळच्या व्हायोल वाद्याचा क्षीण, धुरकट ध्वनी निघतो. आणि मग येतो तो भाग, ज्यासाठी मी ही रचना पुन्हा पुन्हा ऐकतो. तिघे वादक समोर स्फटिकाचे पेले मांडून बसलेले. पेल्यांत कमी-अधिक पाणी भरून ते सुरात लावलेले. आणि त्यांच्या कडांवरून ते व्हायोलिनचा गज अलगद ओढीत आहेत. जलतरंग आपण ऐकलेले असते, पण तेथे काडीचा आघात आणि लगेच विरणारा ठिपका; येथे आघातच नाही, केवळ पाण्याने आणि काचेने धरून ठेवलेला अखंड स्वर. त्या स्वराच्या आधारावर चौथा, चेलोवादक, एकटा गातो. इतक्या आर्त ठिकाणी पोहोचण्यासाठी आधी तो सगळा कोलाहल सोसणे अवश्य होते, असे ऐकणाऱ्यास मनोमन पटते.

आरंभीची वर्षे ओढाताणीची होती. हॅरिंग्टनचे गुरू केन बेन्शूफ यांनी या नव्या क्वार्टेटसाठी पहिली रचना करून दिली, तिची बिदागी म्हणून त्यांना डोनटांची एक पिशवी मिळाली. आणि गंमत वाटावी अशी ही गोष्ट खरोखर एका मोठ्या वहिवाटीचा आरंभ होती. काही काळ न्यू यॉर्क राज्यातील जेनेसियो येथील विद्यापीठात आश्रय घेऊन हॅरिंग्टन सॅन फ्रान्सिस्कोस आला, तेथे जॉन शेर्बा हा दुसरा व्हायोलिनवादक, हँक डट हा व्हायोलावादक आणि जोन जनरेनो ही चेलोवादिका अशी मंडळी जमली, आणि १९७८च्या सुमारास सिद्ध झालेला हा संच १९९९पर्यंत, एकवीस वर्षे, अभंग राहिला. क्रोनॉसचे नाव जगभर झाले ते या चौघांच्या हाताने.

त्यांनी एक नियम मनाशी बांधला होता. अन्य क्वार्टेट हायडन, बेथोव्हन, शूबर्ट यांच्या संचितावर जगत. क्रोनॉसने हयात संगीतकारांकडे नव्या रचनांची फर्माईश करावयाची, ती मिळेपर्यंत चिकाटीने तगादा लावावयाचा, पैशांची तजवीज करावयाची, आणि रचना हाती आल्यावर ती संगीतकारासमोर बसून घोटावयाची. पन्नास वर्षांत अशा रीतीने नव्याने रचलेल्या व क्वार्टेटसाठी नव्याने बांधून घेतलेल्या कृतींची संख्या हजारावर गेली आहे. पोलंडचे हेन्रिक गोरेत्स्की यांनी क्वार्टेट लिहिण्यास हात घातला तो यांच्यासाठी. मॉर्टन फेल्डमन यांचा १९८३ सालचा दुसरा क्वार्टेट, जो पूर्ण वाजवावयास सहा तासांच्या आसपास लागतात, तोही यांच्यासाठीच लिहिला गेला. रात्रभराच्या मैफलीची आपल्याला सवय असली तरी तेथे गायक रागाचे, लयीचे, अंगाचे पालट करीत राहतो. फेल्डमनच्या रचनेत चौघांना सहा तास बहुतेक एकाच मंद पट्टीत, एकमेकांच्या नजरेवर नजर ठेवून बसावे लागते, आणि शरीराला ते किती जड जाते याचा अनुभव क्रोनॉसनेही घेतला आहे.

या सर्व फर्माईशींत स्टीव्ह राइश यांच्या ‘डिफरंट ट्रेन्स’ या १९८८ सालच्या रचनेविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. राइश लहान असताना त्यांचे आईवडील विभक्त झाले, आणि १९३९ ते १९४२ या वर्षांत हा मुलगा दाईच्या सोबतीने न्यू यॉर्क ते लॉस एंजेलिस असा आगगाडीने येत-जात असे. पुढे मोठेपणी त्यांच्या मनात आले की आपण ज्यू आहोत, आणि त्याच वर्षांत आपण युरोपात असतो तर आपल्या नशिबी निराळ्याच गाड्या आल्या असत्या. मग त्यांनी आपल्या वृद्ध दाईचे, त्या मार्गावर नोकरी केलेल्या एका निवृत्त परिचराचे आणि छळछावणीतून वाचलेल्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, त्यांतील वाक्यांचे तुकडे निवडले, आणि प्रत्येक तुकड्याच्या चढउतारात दडलेली सुरावट हुडकून ती क्वार्टेटच्या हाती दिली. स्त्रीचा आवाज आला की व्हायोला तिच्या मागोमाग तेच बोलते. पुरुषाचा आला की चेलो. मागे क्रोनॉसनेच आधी मुद्रित केलेले आणखी तीन क्वार्टेट, आणि त्यांच्याही मागे गाड्यांच्या शिट्या.

यशवंतपूरच्या फलाटावर कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत एकापाठोपाठ एक होणाऱ्या घोषणा मी ही रचना ऐकल्यानंतर निराळ्या कानाने ऐकू लागलो. ‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द कन्नड घोषणेत एका स्वरावर उतरतो आणि हिंदीत दुसऱ्या. बोलण्यात सूर असतो हे व्याकरणकार सांगतात, पण तो कानाला दाखवून द्यावयास संगीतकारच लागतो. रचनेचा मधला भाग मात्र असा आहे की तो ऐकताना फलाटाची ही आठवण जवळ येऊ देऊ नये. तेथे शिट्यांच्या जागी भोंगे येतात, साक्षीदार आपण पाहिले तेवढेच सांगतात, आणि चार वाद्ये एक शब्दही अधिक जोडीत नाहीत. संयमाचे एवढे मोठे उदाहरण मला समकालीन संगीतात दुसरे आढळले नाही.

आता मिरजेकडे वळू. अब्दुल करीम खाँ हे मूळ उत्तर हिंदुस्थानातील किराणा गावचे. बडोद्याच्या दरबारातून निघून ते महाराष्ट्रात आले, पुण्यास त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले, म्हैसूरच्या दरबारी त्यांचे जाणे-येणे झाले, कर्नाटक संगीताचा त्यांनी आदराने अभ्यास केला, आणि घर केले ते मिरजेत. १९३७ साली पाँडिचेरीकडे जात असता सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर त्यांनी देह ठेवला. तेथून त्यांना मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. त्यांच्या गायकीचा प्राण म्हणजे एकेका स्वराची शांत, अश्रुपूर्ण आळवणी. त्यांचे चुलतबंधू अब्दुल वहीद खाँ यांनी हीच आळवणी अतिविलंबित लयीत नेऊन तिला ध्यानाचे स्वरूप दिले. हिराबाई बडोदेकरांना तालीम मिळाली ती या वहीद खाँसाहेबांची.

वहीद खाँसाहेबांचा आणखी एक शिष्य होता, पंडित प्राणनाथ. जन्म १९१८चा, लाहोरचा. गाण्यापायी कोवळ्या वयात त्यांनी घर सोडले, गुरूच्या घरी वर्षानुवर्षे सेवा केली, पुढे डेहराडूनजवळच्या टपकेश्वराच्या गुहेत राहून स्वरसाधना केली, आकाशवाणीवर गायिले, दिल्ली विद्यापीठात शिकविले. परंतु आपल्या रसिकांनी त्यांना मोठ्या गवयाच्या पंक्तीस बसविले असे म्हणवत नाही. बैठक रंगविण्याची हौस त्यांना नव्हती, तानांची आतषबाजी ते करीत नसत, आणि एकट्या षड्जावर कितीतरी वेळ थांबणारा गवई आपल्याकडच्या घाईत मागे राहिला. १९७० साली ते न्यू यॉर्कला गेले, आणि तेथे ज्यांनी गंडा बांधून त्यांच्या पायाशी बसकण मारली ते होते ला मॉन्ट यंग, मारियन झझीला आणि टेरी रायली. पाश्चात्त्य संगीताच्या नव्या प्रवाहाचे यंग व रायली हे अग्रणी. रायलीची ‘इन सी’ ही १९६४ सालची रचना त्या प्रवाहाचे उगमस्थानच मानली जाते. एवढी कीर्ती पदरात असलेला माणूस गुरूमागे तंबोरा धरून बसतो, स्वर कसा लावावा हे पहिल्यापासून शिकतो, आणि ही साधना गुरूच्या अंतापर्यंत, १९९६पर्यंत, सोडत नाही, ही हकीकत मला त्याच्या सर्व कीर्तीहून मोठी वाटते.

कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजात रायली शिकवीत होते, प्राणनाथही तेथे शिकवीत, आणि त्याच कॉलेजाच्या आश्रयाला १९७०च्या दशकाच्या अखेरीस क्रोनॉसची मंडळी आली. रायलींनी त्या काळात संगीत कागदावर लिहिणे जवळजवळ टाकून दिले होते. गुरूच्या संगतीत त्यांचा विश्वास उत्स्फूर्त विस्तारावर बसला होता. हॅरिंग्टनने त्यांची पाठ सोडली नाही. त्या तगाद्याचे फळ म्हणून १९८० साली ‘सनराइज ऑफ द प्लॅनेटरी ड्रीम कलेक्टर’ ही रचना आली, आणि तेथून एक अशी मैत्री सुरू झाली की तिचा विस्तार आजही पुरता मोजून झालेला नाही: ‘केडेन्झा ऑन द नाइट प्लेन’, जवळजवळ दोन तासांची ‘सलोमे डान्सेस फॉर पीस’, हॅरिंग्टनचा सोळा वर्षांचा मुलगा १९९५ साली अकस्मात गेला त्याच्या स्मरणार्थ लिहिलेली ‘रेक्विएम फॉर ॲडम’, आणि अवकाशयानांनी ग्रहांच्या परिसरात टिपलेल्या लहरींचे ध्वनी सोबतीला घेतलेली २००२ सालची ‘सन रिंग्ज’.

यांत किराणा कोठे आहे, असे कोणी विचारील. राग ओळखून दाखवावा अशा रीतीने तो नाही. रायलीने रागांची उसनवारी केली नाही, आणि हे त्याच्या शिष्यत्वाचे लक्षण मानावे. तो आहे स्वरलगावात. युरोपीय तंतुवादक स्वर लावताच बोट थरथरवितो, त्या कंपाने स्वर भरदार होतो आणि त्याचा नेमका ठिकाणा थोडा झाकलाही जातो. ‘सलोमे’ची ध्वनिमुद्रिका ऐकताना जागोजाग असे क्षण येतात की चौघांचाही कंप थांबलेला आहे, व्हायोला आणि चेलो षड्ज-पंचमासारखे एक अंतर धरून निश्चल उभे आहेत, आणि पहिले व्हायोलिन त्या अंतराच्या आत उतरून एखाद्या गंधाराला वरून, खालून, बाजूने स्पर्श करीत आहे. ही शिकवण पाश्चात्त्य पाठशाळेतली नव्हे.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हा निश्चल स्वर घडतो कसा, हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे तेथे वाळून, कोरून, रंगून टांगलेले असतात. एका कारागिरासमोर मी बराच वेळ बसलो होतो. तंबोरा तयार झालेला होता, तारा चढविलेल्या होत्या, पण आवाज बसका होता. कारागिराने तारा सैल केल्या, घोडी सरकवून घेतली, तिच्या पाठीवर कानस दोन वेळा, अगदी दोनच वेळा, फिरविली, तारा पुन्हा चढविल्या, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सारला, आणि तो केसभर पुढे, केसभर मागे करीत मान तिरपी करून ऐकू लागला. एका विवक्षित जागी धागा येताच तार एकदम बोलू लागली. एकाच तारेतून षड्ज, पंचम आणि वर कोठेतरी गंधार असे तिन्ही स्वर उमटले. त्याने धागा तेथेच ठेवला आणि पुढचे वाद्य ओढले. जवारी काढण्याची ही विद्या तेथे बापाकडून मुलाकडे येते. तिचे पुस्तक नाही. प्राणनाथांच्या तंबोऱ्यातून यंग आणि रायली यांनी जो तासन्‌तास कान देऊन ऐकला, तो हाच तारेच्या पोटातला गंधार.

सांगलीच्या बाजूची कथा अधिक परिचयाची आहे. आशा भोसले यांचा जन्म १९३३ साली सांगलीत झाला. वडील मास्टर दीनानाथ, घरात नाट्यसंगीताची तालीम. २००५ साली क्रोनॉसने राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांची एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली, तिचा मुख्य स्वर आशाताईंचा. सत्तरी ओलांडलेल्या वयात त्यांनी ‘चुरा लिया है’, ‘दम मारो दम’, ‘मेरा कुछ सामान’ यांसारखी आपलीच गाणी नव्या संगतीत नव्याने गायिली. सोबत तबल्याला झाकीर हुसेन आणि चिनी पिपा या वाद्यावर वू मान. या मेळाचे धागे आधीच गुंतलेले होते: बर्मन सरोद शिकले ते अली अकबर खाँसाहेबांकडे, आशाताईंनीही त्यांच्याकडे तालीम घेऊन १९९६ साली जुन्या बंदिशींची एक ध्वनिमुद्रिका केली, आणि खाँसाहेबांचे विद्यालय सॅन फ्रान्सिस्कोच्या शेजारीच होते.

चित्रपटसंगीत आणि चेंबर संगीत यांची ही सोयरीक काही जाणकारांना विजोड वाटली. मला त्यांचे म्हणणे मान्य नाही. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याचे व्हायोलिनवादक, पारशी वादक, बंगाली संयोजक आणि मारुतीराव कीर यांच्यासारखे मराठी तालवादक एकत्र बसून जे निर्माण करीत होते, त्याची स्वररचना, वाद्यांची निवड, दोन कडव्यांमधील संगीताची योजना ही कोणत्याही गंभीर रचनाकाराने अभ्यासावी अशी होती. फक्त ती तीन मिनिटांत संपे, आणि वाजविणाऱ्यांची नावे कोठेही छापली जात नसत. क्रोनॉसने तिला शोभेसाठी नव्हे, अभ्यासासाठी हाती घेतले. चौघांनी आपलीच वाद्ये थरावर थर मुद्रित करून साठ-साठ वाद्यांच्या ताफ्याचे काम केले. काही ठिकाणी हा प्रयत्न मूळच्या ठेक्यातील मस्तीला पोहोचत नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु ‘मेरा कुछ सामान’मध्ये गद्यासारख्या ओळी उचलून त्यांना बर्मननी जो स्वरांचा आधार दिला होता, तो चार तंतुवाद्यांवर इतका उघडा आणि नितळ होतो, आणि त्यावर आशाताईंचा वयाने किंचित खरखरीत झालेला आवाज असा काही टेकतो, की मूळ गाण्याचा अभिमान बाळगणाऱ्यानेही ते जरूर ऐकावे.

१९९९नंतर क्रोनॉसची चेलोची जागा काही वेळा बदलली. २०११ साली स्वीडनचा पोलर पुरस्कार मिळाला. २०२४ साली शेर्बा आणि डट हे दोघेही, साडेचार दशकांहून अधिक काळ वाजवून, निवृत्त झाले. त्यांच्या जागी गॅब्रिएला डियाझ आणि आयाने कोझासा या आल्या, चेलोला पॉल वियांको. जुन्यांपैकी हॅरिंग्टन तेवढा उरला आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले.

एवढ्या इतिहासाकडे यशवंतपुरात बसून पाहताना जी गोष्ट मला अस्वस्थ करते ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. या मुलखात गुणांची, आश्रयाची किंवा वाद्यांची वाण कधीच नव्हती. व्हायोलिन दक्षिणेत रुजत होते त्याच काळात तंजावरच्या मराठी दरबारात सरफोजीराजांनी पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा बाळगला होता. यशवंतपूरहून थोड्या अंतरावर, मल्लेश्वरमच्या बाजूस, म्हैसूरचे विद्वान टी. चौडय्या यांच्या स्मरणार्थ उभारलेले सभागृह आहे. सात तारांचे व्हायोलिन वाजविणाऱ्या त्या महापुरुषासाठी इमारतच व्हायोलिनच्या आकाराची बांधली, खुंट्या, घोडी, गज यांसकट. म्हैसूरचे जयचामराज वडियार यांनी रशियन रचनाकार मेट्नर यांच्या वृद्धापकाळी त्यांच्या कृती लंडनमध्ये ध्वनिमुद्रित करविल्या. आणि रिखार्ड स्ट्राउस यांची अखेरची चार गीते १९५० साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम गायिली गेली, त्या जलशाला ४,८०० डॉलरांची हमी याच महाराजांनी दिली होती. हे दातृत्व केवढे! परंतु हेच द्रव्य आणि हीच दृष्टी घेऊन म्हैसुरातील वा मिरजेतील चार समान वादकांसाठी एखाद्या हयात रचनाकाराकडून नवी कृती लिहवून घ्यावी, अशी वहिवाट आमच्याकडे पडली नाही. आकाशवाणीने १९५२ साली वाद्यवृंद सुरू केला, रविशंकर, पन्नालाल घोष यांच्यासारखे संचालक त्याला लाभले. पण तो मोठा ताफा, आणि सरकारी तनख्यावरचा. चौघांनी आपल्या जबाबदारीवर, आपल्या निवडीने, आयुष्यभर एकत्र बसावे हा प्रयोग त्याहून निराळा. आमची मैफल एकाची आहे, आणि तिचे ऐश्वर्य मी कमी लेखीत नाही. पण तिच्या शेजारी दुसरे एक घर बांधावयास जागा होती, ती मोकळीच पडून आहे.

ती भरून काढण्याचे साधनही आता हाताशी आहे. २०१५पासून क्रोनॉसने एक उपक्रम चालविला: पन्नास रचनाकार, त्यांत निम्म्या स्त्रिया, प्रत्येकाकडून तरुण क्वार्टेटांना झेपेल अशी एकेक कृती लिहवून घ्यावयाची आणि तिची स्वरलिपी, प्रत्येक वाद्याचा खर्डा व ध्वनिमुद्रण असे सर्व साहित्य जगातील कोणालाही विनामूल्य द्यावयाचे. त्या पन्नासांत झाकीर हुसेन आहेत, आणि सारंगीचे महर्षी रामनारायण यांच्या कन्या अरुणा नारायणही आहेत. बंगळूरात १९८७ सालापासून अरुणा सुंदरलाल यांचे बँगलोर स्कूल ऑफ म्युझिक चालू आहे, व्हायोलिन-चेलो हाती धरलेली मुले येथे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरी भूप-यमनही गायिले जातात. अशा चार मुलांनी हे कागद उतरवून घ्यावेत. आणि मिरजेच्या दर्ग्यात दर वर्षी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जो संगीतोत्सव होतो, त्याच्या व्यवस्थापकांस माझी विनंती आहे की एका वर्षी एका तरुण रचनाकारास रीतसर बिदागी देऊन दोन व्हायोलिन, एक सारंगी आणि एक चेलो यांसाठी अर्ध्या तासाची कृती मागवावी, तिला तंबोरा मिरजेचाच असावा, आणि वाजविणारे बंगळूरहून बोलवावेत. पहिल्या वर्षी ती फसली तर दुसऱ्या वर्षी दुसऱ्या रचनाकारास सांगावे. वादकांच्या येण्याची अडचण नाही. यशवंतपूरहून मिरजेस थेट गाडी आहे.